आठ मिनिटं कुणाची?

कलकत्त्याहून बी.एस्सी. होऊन पंचावन्न साली मी हिंगणीजवळच्या मुलींच्या शाळेत आले, तेव्हा वाटलं होतं, इथल्या अज्ञानाशी झुंजायचंय. आले तर काय, इथं सगळ्यांना सगळंच ठाऊक! शिकवायला कुणी उरलंच नव्हतं. रोज एक किस्सा पदरात पडायचा. परसात गोवऱ्या रचाव्यात, तशी त्यांची रास झाली.

* * *

आमच्या हेडमास्तरांचं मत पक्कं होतं. "मुलींना विज्ञानाचा तास कशाला? शिवणकाम बरं!"

डिसेंबरात भर दुपारी सूर्यग्रहण येणार होतं. मी हट्टच धरला. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, ग्रहण दाखवा. सगळं नीट पार पडलं तर तास तुमचा. एक जरी चूक निघाली, तर शिलाई मशीन आणतो!"

मशीन हे विज्ञानात मोडतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. आधीच खूप शिकले होते ते.

* * *

मी वर्गात शिकवलं, "सूर्याचा उजेड इथं पोचायला आठ मिनिटं लागतात. म्हणजे ग्रहण आपल्याला दिसतं, त्याच्या आठ मिनिटं आधीच लागलेलं असतं!" मुली थक्क झाल्या. मीही झाले, स्वतःवरच.

दाराशी चपराशी महादेव ऐकत होता. दुसऱ्या दिवशी स्वारी उशिरा उगवली. हेडमास्तर कडाडले, "काऊन रे, ही काय वेळ झाली?"

महादेव शांतपणे म्हणाला, "सायेब, सूर्य रोज आठ मिनिटं लेट येते. त्याची हजेरी कोन कापते?"

शाळेत विज्ञान पहिल्यांदा समजलं ते असं!

* * *

मग आयांची सभा घेतली. मी जीव तोडून सांगितलं, "ग्रहण अशुभ नसतं. मुलींना बाहेर पाठवा. मात्र सूर्याकडे बघायचं नाही हं, डोळे जातात. पाठ करून उभं राहायचं. चाळणीतून जमिनीवर छोटे छोटे सूर्य पडतील, ते बघायचे."

पाटलीणबाई पदर सावरत म्हणाल्या, "मंग आमी येवढे दिवस काय सांगून राह्यलो? ग्रहनाकडं पाहू नोका! त्याच्यासाठी कलकत्त्याले कायले गेलत्या, बाई?"

सभा हसली. मुलींना परवानगी मात्र मिळाली. मी हरल्याच्या आनंदात!

* * *

ग्रहणाच्या दिवशी आवारात चाळण्याच चाळण्या. जमिनीवर शेकडो सूर्य, आणि प्रत्येकाचा लचका तोडलेला! मुली किंचाळत होत्या. संस्कृतचे गुरुजी तेवढे व्हरांड्यात उपाशी, घड्याळ धरून बसलेले. माझ्या 'पाश्चात्य थोतांडा'वर महिनाभर बोलले होते.

ग्रहण सुटायला थोडा अवकाश होता, तोच ते विहिरीकडे धावले. न्हाऊन आले आणि डबा उघडून बसले.

"गुरुजी, अजून सुटलं नाही!"

"तुमच्याच शास्त्राप्रमाणे आठ मिनिटांपूर्वी सुटलं, बाई," असं म्हणत त्यांनी पोळीचा घास घेतला. "शास्त्र मानावं माणसानं!"

* * *

सगळं बिनबोभाट पार पडलं. हेडमास्तर म्हणाले, "तास तुमचा! उद्या प्रार्थनेनंतर जाहीर करतो." मी हवेत.

मुली घरी गेल्या. शाळेत पाणी भरणाऱ्या गिरजाबाई पडवीत तांदूळ पाखडत होत्या. दारातून तिरपं ऊन भिंतीवर पडलं होतं. म्हणाल्या, "बाई, एक इचारू? रागावजो नोका."

त्यांनी सूप उन्हात आडवं धरलं. भिंतीवर सावली पडली.

"हे सावली कवा पडली?"

"आत्ताच की."

"आठ मिनिटांपयले नाई?"

"छे! सूप तर तुमच्या हातात आहे."

"अन् ग्रहनात सूप कोनाच्या हातात राह्यते?"

"चंद्र आड येतो, गिरजाबाई."

"त्याच्यापासून उजेडाले इथं याले किती टाइम लागते?"

"सव्वा सेकंद," मी म्हटलं.

त्या पुन्हा पाखडू लागल्या. "मंग ते आठ मिनिटं कोनाचे, बाई?"

चूक आम्हा दोघींखेरीज कुणालाच कळलेली नव्हती. आणि गिरजाबाई तर तांदूळ घेऊन घरी निघाल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना संपली. हेडमास्तरांनी जाहीर करायला घसा खाकरला. त्यांच्याआधी मी पुढे झाले, गिरजाबाईंना हाताला धरून सगळ्या मुलींसमोर आणलं आणि म्हटलं, "आठ मिनिटांचं मी चुकीचं शिकवलं. आजचा तास या घेतील."