साठ्येसर आणि एपिक्युरस

“मॅडम, बाबांना बिल्कुल काही सांगायचं नाही. लिव्हरला इन्फेक्शन आहे म्हणा. ते सहन नाही करू शकणार.”

निखिल साठ्ये मला कॉरिडॉरमध्ये अडवून सांगत होता. त्याच्या वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि तो लिव्हरपर्यंत पसरला होता. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती.

घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून पेशंटपासून आजार लपवायचा, याला आम्ही कोल्यूजन म्हणतो. मला त्याची चीड आहे. पण गुडगावात तेव्हा टॉवर्सबरोबर आमचं हॉस्पिटलही नवंकोरं उभं राहिलं होतं आणि आमचे डायरेक्टर पेशंटच्या घरच्यांना ‘क्लायंट’ म्हणायचे. “फॅमिली म्हणेल तसं करा,” त्यांनी मला बजावलं.

निखिलचे वडील, साठ्येसर, दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. तिथल्याच एका कॉलेजात त्यांनी जन्मभर ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलं होतं. मी राउंडला गेले आणि त्यांनी मला धरलंच.

“डॉक्टर, इन्फेक्शन आहे तर ताप का नाही?”

“प्रत्येक वेळी येतोच असं नाही.”

“मग इन्फेक्शनच आहे हे कशावरून ठरवलंत?”

“स्कॅनवरून.”

“स्कॅनमध्ये इन्फेक्शन दिसलं?”

मी हातातली फाइल उघडून पुन्हा मिटली.

“सॉक्रेटिस लोकांना असाच अडकवायचा,” सर म्हणाले. “स्वतः काही सांगायचं नाही. समोरच्याला आपलंच उत्तर टोचेपर्यंत विचारत राहायचं. डॉक्टर, शेवटचे दिवस कसे काढायचे ते मला ठरवायचंय. त्यासाठी आजार कळायला हवा.”

पेशंट इतकं सरळ विचारत असताना खोटं बोलणं मला जमणार नव्हतं. निखिलला मी तसं स्पष्ट सांगितलं. “तुम्ही रिस्क घेताय,” तो म्हणाला, पण माझ्याबरोबर खोलीत आला. मी सगळं सांगितलं. हातात काही आठवडेच आहेत, हेही.

सरांनी मान हलवली आणि उलट निखिललाच समजावलं. एपिक्युरस म्हणायचा, आपण असतो तोवर मरण नसतं आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो. मग भ्यायचं कशाला? केमो नाही, आयसीयू नाही, आपल्या घरी जायचं, हेही त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. मला फार बरं वाटलं. डायरेक्टरांना मी ते जरा तोऱ्यातच ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी जेवण परत पाठवलं. मग नर्ससाठी सारखी बेल वाजू लागली. पाणी नको, गोळी नको, फक्त कुणीतरी खोलीत हवं. घरी जायचं नावच काढेनात.

“मला केमो द्या,” ते म्हणाले.

“सर, फायदा होणार नाही. त्रास मात्र वाढेल.”

“तरी द्या. एपिक्युरस चुकला नाही, पण तो मेल्यानंतरचं बोलला. मला भीती वाटते ती त्याआधीच्या दिवसांची. स्टोइक तत्त्वज्ञ म्हणायचे, बाहेरचं काही आपल्या हाती नाही, आपलं मन तेवढं आहे. माझं तेही नाही. आणि मी या विषयाचे पेपर तपासले.”

मी त्यांना पुन्हा समजावलं. निखिलनेही समजावलं. ते ऐकेनात. शेवटी आम्ही कमी डोस दिला. तोही त्यांना झेपला नाही. प्रतिकारशक्ती ढासळली आणि आता खरंच इन्फेक्शन झालं. सर आयसीयूत गेले.

“मी सांगितलं होतं तुम्हाला,” निखिल म्हणाला.

व्हेंटिलेटर लावण्याआधी सरांनी मास्क बाजूला केला. “निखिल, तुला भीती वाटते?”

निखिलने माझ्याकडे पाहिलं. आतापर्यंत तो वडिलांसमोर हसतमुख राहत आला होता.

“हो, बाबा. खूप.”

“मग जवळ बस. मलाही वाटते.”

आयसीयूत नातेवाइकांना बसू देत नाहीत. मी खुर्ची मागवली. सर त्यानंतर बोलले नाहीत. नको म्हटलेल्या आयसीयूतच ते गेले.

मी अजूनही पेशंटला खरं सांगते. पण ऐकताना तो अगदी शांत राहिला, तर दुसऱ्या दिवशीचा राउंड त्याच्यापासून सुरू करते.