बाविसाव्या खिळ्यावरचा फोटो

आमच्या गल्लीत ह्यांना खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नाही. पोस्टमनपासून समोरच्या शिंप्यापर्यंत सगळ्यांचे हे ‘हलूनका’. तीस वर्षं झाली, हे पासपोर्टचे फोटो काढतात आणि गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की ह्यांची तीन वाक्यं ठरलेली : हनुवटी किंचित खाली. श्वास रोखा. हलू नका. बटण दाबताना हे स्वतःही श्वास रोखून धरतात, हात थरथरू नये म्हणून. लग्नानंतर पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी घाबरून पाण्याचा तांब्या आणायला धावले होते.

असा हा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरला होता आणि मी नावेत बसून त्याचे बुडबुडे मोजत होते.

कारण आमची लेक. एकुलती एक. पहिल्या वाढदिवसापासून दर वर्षी हे तिला त्याच स्टुलावर, त्याच निळ्या पडद्यापुढे बसवायचे आणि एक फोटो काढायचे. स्टुडिओच्या भिंतीवर असे एकवीस फोटो ओळीने लागले. एकविसाव्या वाढदिवशी ह्यांनी दुकानाची दुसरी किल्ली तिच्यापुढे ठेवली. पोरगी म्हणाली, “बाबा, इथे माझा जीव गुदमरतो.” आणि महिन्याभरात बॅग भरून समुद्राकाठी निघून गेली. लोकांना पाण्याखाली न्यायचं शिकली, आता तेच शिकवते. जाताना एवढंच बजावलं, की यापुढे माझा फोटो काढायचा नाही.

ह्यांनी भिंतीवर पुढचे खिळे आधीच ठोकून ठेवले होते. चार वर्षांत चार मोकळे राहिले. गिऱ्हाईक स्टुलावर ताटकळत असायचं आणि हे त्या खिळ्यांकडे बघत असायचे. जेवता जेवता उठायचे, दुकानाचं शटर अर्धं ओढायचे, परत वर करायचे. माझ्या डोक्याला नुसता ताप. एकदा न राहवून मी म्हटलं, “सरळ तिच्याकडेच जाऊ या ना.”

“फोटो काढू देणार नाही ती.”

“मग माशांचे काढा!”

मी चिडून बोलले होते. ह्यांनी मनावर घेतलं.

पहिल्याच दिवशी लेकीने बापाला नावेच्या कडेवर बसवलं आणि दम भरला. “इथे मी तुमची मुलगी नाही, शिक्षिका आहे. खाली एकच नियम. श्वास थांबवायचा नाही. छातीत हवा कोंडून वर आलात तर ती फुगते आणि फुफ्फुस फाटतं. मी अशी खूण केली की सोडायचा.” तोंडापुढे बंद मूठ धरून तिने ती हळूहळू उघडून दाखवली. ह्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. पण ह्यांचं मान हलवणं मला चांगलंच ठाऊक आहे.

झालं तेच. प्रवाळाच्या भिंतीपाशी पिवळा मासा दिसला, ह्यांनी कॅमेरा उचलला, श्वास धरला आणि छातीतल्या हवेने फुग्यासारखे निघाले वर. मासा राहिला खाली. लेकीने पाय धरून ओढून आणलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. दोन दिवसांत तीन वेळा खाली गेले आणि तिन्ही वेळा बोलणी खाऊन वर आले. फोटो म्हणाल, तर सगळे निळेशार आणि त्यात नुसत्या शेपट्या.

“तुमचे मासे हनुवटी खाली करत नाहीत वाटतं,” मी म्हटलं. हे हसले नाहीत. “तीस वर्षांची सवय आहे गं,” एवढंच बोलले आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

शेवटच्या दिवशी सकाळी लेक टाक्या तपासत होती. वर न बघताच म्हणाली, “बाबा, आज माझा एक फोटो काढा. एकच. पण तुमचे बुडबुडे थांबले, की कॅमेरा माझ्याकडे आणि विषय कायमचा बंद.”

ह्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

दोघं पाण्यात गेली आणि माझं बूड काही नावेत टेकेना. या कडेवरून त्या कडेवर जात होते. पाणी स्वच्छ होतं, त्यामुळे बुडबुड्यांचे दोन झोत वर येऊन फुटताना दिसत होते. कुठला कुणाचा, ते मात्र कळत नव्हतं.

“बाई, बसा. नाव हलतेय,” नाववाला म्हणाला.

“हलू दे.”

ह्यांना तो फोटो मिळावा, असं वाटत होतं. फोटो गेला खड्ड्यात, माणूस धड वर येऊ दे, असंही वाटत होतं. मनाशी मोजत होते. वीस. एकवीस. आणि एक झोत थांबला.

मी पुन्हा पाहिलं. दुसरा चालू होता, तो बंद होता. “अहो, बघा ना, ह्यांनी श्वास धरलाय!” मी ओरडले. नाववाला कडेवर वाकला. तेवढ्यात पाण्यावर बुडबुड्यांचा मोठा लोंढा आला आणि दोन्ही झोत पुन्हा सुरू झाले. थोड्या वेळाने दोन डोकी वर आली.

ह्यांनी तोंडातली नळी काढायच्या आत माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. “किती वेळा सांगितलं तुम्हाला! लाज नाही वाटत? जीव गेला असता म्हणजे?”

“मी नाही,” हे धापा टाकत म्हणाले. “हिने धरला.”

लेक नावेची कड धरून खाली बघत होती. “आई, मला कळलंच नाही. बाबांनी कॅमेरा उचलला आणि माझी हनुवटी आपोआप खाली गेली. श्वासही थांबला. वर जायला लागले होते. बाबांनी पाय धरला आणि...” ह्यांनी तोंडापुढे बंद मूठ धरली आणि उघडून दाखवली.

दोघांना वर घेतलं. मी कॅमेऱ्यात पाहिलं. फोटो एकदम स्वच्छ. मागे निळं, खांदे सरळ, हनुवटी किंचित खाली, बुडबुडा एकही नाही. पाण्याचा चष्मा सोडला, तर भिंतीवरच्या एकविसांतलाच एक वाटावा. मला बघवेना.

हे तो फोटो कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “एवढी वर्षं मी तुला हेच शिकवलं होय गं, पोरी. चुकलं माझं.” आणि ज्या फोटोसाठी चार वर्षं जेवण गोड लागलं नव्हतं, तो आमच्या डोळ्यांदेखत पुसून टाकला.

“बाबा! एकच म्हटलं होतं मी.”

“माहीत आहे.”

लेक रडते की हसते, मला कळेना. तिने ह्यांच्या हातून कॅमेरा ओढून घेतला, त्यांच्याकडे रोखला आणि म्हणाली, “हं, बाबा. आता जरा हला बघू.”

बाविसाव्या खिळ्यावर आता तो फोटो आहे. ओले केस कपाळावर, तोंड उघडं, चेहरा पार हललेला. स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक विचारतं, हे कोण म्हणून. मी सांगते, “हलूनका.” कुणाचा विश्वास बसत नाही.