उपासाचे वार

रेशनिंगची वर्षं होती. वडील गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत नोकरीला होते आणि आम्ही बालीगंजला राहत होतो. त्यांना मधुमेह निघाला, तेव्हा बंगाली डॉक्टरांनी भात आणि गोड बंद करायला सांगितलं. घरी येऊन वडील म्हणाले, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. आठवडाभरातच ते भातावर परतले.

आईने वेगळा मार्ग काढला. सोमवारचा उपास वडील लहानपणापासून न चुकता करत. तिने त्याला गुरुवार जोडला, मग शनिवार आणि दोन्ही एकादश्या. आदल्या दिवशीच ती साबुदाणा भिजवी, दाण्याचं कूट करून ठेवी, रताळी आणवी. ऐनवेळी शोधाशोध होऊ देत नसे. कचेरीत संदेश मिठाईची बशी पुढे आली की वडील उपास आहे म्हणत, आणि कोणी आग्रह करत नसे. सहकारी त्यांना साधूबाबा म्हणू लागले. ते त्यांना आवडे. आपला जिभेवर ताबा आहे, असं त्यांना पहिल्यांदाच वाटू लागलं होतं.

इतके उपास ऐकून डॉक्टरही खूश झाले. त्यांच्याकडे उपासाला फळं आणि पाणी, एवढंच. आमच्या फराळाबद्दल त्यांनी विचारलं नाही, आणि फराळ हे जेवण असतं असं आम्हाला वाटतच नव्हतं.

हिवाळ्यात वडिलांच्या अंगठ्याला जोडा चावला. जखम भरेना. साखर एवढी कशी वाढली, हे डॉक्टरांना कळेना. शेवटी त्यांनी आईला सगळं खाणं विचारलं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. तिने अभिमानाने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, यापेक्षा भात बरा होता.

अंगठा काढावा लागला.

वडील घरी आल्यावर आईने नवा बेत सांगितला: मुगाची धिरडी, पालेभाज्या, ताक, उपास बंद. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला जमलं होतं गं," ते म्हणाले. "आयुष्यात एक गोष्ट जमली, तीच चुकीची निघाली. आता पुन्हा नको."

दुपारी त्यांनी भात मागितला.

"अहो, थोडा तरी कमी घ्या," आई म्हणाली.

त्यांनी ताट पुढे केलं. तिने वाढला.

त्यानंतर बरेच दिवस ती रोज मुगाची डाळ भिजवत राहिली. धिरडी आम्ही मुलं खात होतो. पुढच्या वर्षी, दुर्गापूजेच्या आधी, वडील गेले.