भोंग्यावर सांगितलेला पत्ता

आमच्या वॉर्डाची प्रमुख ग्योकचीताई. निवडून आली अवघ्या अकरा मतांनी, पण तोरा असा की अख्ख्या ताइनान शहराने तिला डोक्यावर घेतलंय. देवळाच्या खांबावर वॉर्डाचा भोंगा आहे, त्यावरून ती आम्हाला झापते. माझं स्कूटर दुरुस्तीचं दुकान. बाहेर जुने टायर ठेवले म्हणून माझं नाव तिनं तीनदा पत्त्यासकट गाजवलंय. राग येतो हो, का येणार नाही?

त्या ऑगस्टात गल्लीत डेंग्यू शिरला. आधी दोघं आजारी पडले, मग सोयाचं दूध विकणारी बिगोआ म्हातारी थेट अतिदक्षता विभागात. शहराच्या पालिकेची माणसं येऊन धूर मारून गेली. पण डास नेमके कुठे होतात, हे शोधायचं काम वॉर्डाचं.

"शहराला आपली गल्ली काय ठाऊक?" ताई म्हणाली. "आणखी एखादं म्हातारं माणूस पडलं तर? उद्या तुझीच आई पडली तर?"

माझी आई ऐंशीची. मी निमूट टॉर्च घेऊन तिच्या मागे निघालो.

आठ दिवस आम्ही घरोघरी पिंपं पालथी घातली, कुंड्यांखालच्या ताटल्या ओतल्या. डास होतेच. मला तर चैनच पडेना. शेवटी एका पुठ्ठ्यावर गल्ली काढली आणि तिन्ही आजाऱ्यांच्या घरांवर फुल्या मारल्या. मधोमध कोणाचं घर यावं? ताईचं.

"ताई, तुमचं घर कोणी तपासलं?"

"माझं? अळी सापडली तर तुझे सगळे टायर माफ."

मोरी कोरडी, गच्ची कोरडी. ती फुशारकीनं माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात माझा टॉर्च देव्हाऱ्याकडे वळला. तिथे नवऱ्याच्या फोटोपुढे फुलदाणी, तिच्यात हिरवी फांदी.

"फुलदाणीला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "ती फांदी त्यांनी जायच्या आधी लावलीय. मी नुसती वरून पाणी घालते."

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

मी टॉर्च फुलदाणीवरच धरून ठेवला. तिनंच फुलदाणी उतरवली, पांढऱ्या वाडग्यात ओतली. पाणी वळवळत होतं. मला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं.

मग ती तडक देवळात गेली. भोंगा खरखरला.

"गल्ली नंबर सात, घर नंबर बारा. घरमालकीण ग्योकची. देवापुढच्या फुलदाणीत अळ्या सापडल्या. देवापुढची, त्यातून नवऱ्याची आठवण, म्हणून मी ती कधी रिकामी केली नाही. बिगोआमावशीच्या घरच्यांनो, मला माफ करा."

नेहमीसारखी झापाझापी नव्हती, म्हणून लोक थबकून ऐकत राहिले. मग एकेका दारातून माणसं फुलदाण्या घेऊन बाहेर येऊ लागली. आठ दिवसांत आम्ही कोणाच्याही देव्हाऱ्यात डोकावलो नव्हतो. कसं डोकावणार?

मी घरी गेलो. देव्हाऱ्याखाली आई पंख्यानं वारा घेत बसली होती, मधूनच पाय खाजवत. मी तिच्या डोक्यावरून हात नेऊन आमची फुलदाणी उतरवली आणि टॉर्च लावला.