सुगंधाबाईंची बोंब

सुगंधाबाई दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून मधाळ आवाजात बोलत. दाबून ठेवलेला आवाज मग घरी आल्यावर बाहेर पडे. परळची चाळ सोडून त्या खाडीकाठच्या मुर्धा गावाच्या कडेला नव्याने उठलेल्या इमारतीत राहायला आल्या, तेव्हा नळाला पाणी आल्याची बातमी पहिल्याच दिवसापासून चारही मजल्यांना घरबसल्या मिळू लागली.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बिल्डिंग आणि गाव यांच्यामध्ये एक गटार होतं. ते वाहायचं सोडून बाकी सगळं करायचं. बिल्डिंगवाले म्हणत घाण गावाची, गाववाले म्हणत घाण बिल्डिंगची. डास मात्र अगदी निःपक्षपाती. दोन्हीकडे घरटी एकजण हिवतापाने कुडकुडत पडलेला असे. पोरांचंही एकमेकांशी पटत नव्हतं. आदल्या वर्षी एका रनआऊटवरून स्टंप चालले आणि गावच्या एका पोराच्या कपाळाला टाके पडले होते.

त्यात होळी आली. होळीसाठी लाकूड चोरणं हा पोरांचा जन्मसिद्ध हक्क, तो बिल्डिंगच्या पोरांनी इमानदारीत बजावला. पण या शहाण्यांनी होडी पाहिलेली ती चौपाटीवर उभं राहून, लांबून. त्यांनी धर्मा कोळ्याच्या अंगणातून एक छान लांब फळी उचलली आणि होळीच्या ढिगाच्या तळाशी दडपली. ते धर्माचं वल्हं होतं.

गावातून निरोप आला, संध्याकाळी काठ्या घेऊन येतो. "आम्ही काय पण घेतलेलं नाही," सुगंधाबाईंचा एकोणीस वर्षांचा रोशन म्हणाला आणि सायकलची चेन वर्तमानपत्रात गुंडाळू लागला. सुगंधाबाईंनी ते पाहिलं. पोरगा आज कुणाचं तरी डोकं फोडून येणार, नाहीतर स्वतःचं फोडून घेणार. त्यांनी चेन हिसकावून तांदळाच्या डब्यात कोंबली, चपला घातल्या आणि तडक धर्माचं घर गाठलं.

धर्माची आई गोदूबाई ओट्यावर सुकट निवडत होती. सुगंधाबाईंनी तिच्याशेजारी बसकण मारली.

"मावशी, पोरांना आवरा. मी माझी आवरते."

"आयकतात कुठं गो? शिमगा हाय. बोंबलतील, मारतील."

"बोंब मारताना हात कुठे असतो, मावशी?"

"तोंडाव," गोदूबाई म्हणाली, आणि मग सुकटीचं सूप बाजूला ठेवून हसायलाच लागली. जो हात उलटा करून तोंडावर आपटतोय, तो दुसऱ्याच्या डोक्यात कसा पडणार?

संध्याकाळी पोरं गटाराच्या दोन काठांवर उभी राहिली. गोदूबाईने गावच्या काठ्या मोजून अजून न पेटलेल्या होळीवर टाकायला लावल्या. मग सुगंधाबाईंनी आपल्या ठेवणीतल्या आवाजात जाहीर केलं, की आज वाटेल त्याच्या नावाने बोंब मारा. फक्त ज्याचं नाव निघेल त्याने फावडं घेऊन गटारात उतरायचं.

गावाने पहिली बोंब मारली ती सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नावाने. खिडकीतून कचरा फेकताना त्यांना सगळ्यांनी पाहिलं होतं. बिल्डिंगने मासळीची घाण टाकणाऱ्यांची नावं काढली. गॅलरीतून सालं फेकणाऱ्या सुगंधाबाईंचंही नाव आलं, तशा त्या पदर खोचून उतरल्या. दोन्ही काठ हसून हसून लोळले. तासाभरात निम्मं गटार उपसून झालं.

तेवढ्यात गावातून आवाज आला, "वल्हा चोरनाऱ्याच्या नावानं!"

हसणं थांबलं. बिल्डिंगची पोरं जमिनीकडे बघू लागली. काही पोरांचे हात होळीवरच्या काठ्यांकडे वळले.

"रोशनच्या नावानं," रोशनच म्हणाला. तो गर्दीतून पुढे आला.

बोंब कुणीच मारेना. सगळे सुगंधाबाईंकडे बघत राहिले. त्या चिखलात गुडघाभर उभ्या होत्या. त्यांना पोराची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली आणि त्याच क्षणी त्याचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले. त्यांनी चिखलाचा हात उलटा करून तोंडावर धरला आणि पोटच्या पोराच्या नावाने जी बोंब ठोकली, ती म्हणे शेजारच्या राई गावात ऐकू गेली. मग दोन्ही काठ एकदम बोंबलले.

रोशनने ढीग उपसून वल्हं काढलं. धर्माने त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. कुठे मोडलं नव्हतं.

"चोरलास ना? मंग आता मारायला बी शीक," तो म्हणाला. "परवा भरतीला खाडीव ये. येताना तुजं दोस्त पन आन."

रोशन गेला. दुसऱ्या भरतीलाही गेला. गटार वाहतं ठेवायला दोन्हीकडची पोरं आळीपाळीने उतरू लागली. एका संध्याकाळी रोशनच्या तळहातांवर वल्हं मारून आलेले टपोरे फोड दिसले, तेव्हा सुगंधाबाई हळद लावायला बसल्या.

"दुखतंय का रे?"

"न्हाय," रोशन म्हणाला, अगदी गोदूबाईच्या सुरात.