“जातो” म्हणणारे शेजारी

औंढ्याला देवळाच्या वाटेवर आमच्या शेजाऱ्यांचं हार-नारळाचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की नारळांना मोबाईल टेकवून ते एकच जुना इंग्रजी सिनेमा बघत बसतात. लढाईच्या दिवसांत एक शिपाई परदेशी बायको घरी आणतो, तिचं तिथल्या रीतीत पदोपदी चुकतं आणि सगळे हसतात. हे मात्र हसत नाहीत. “मला इंग्रजी समजत न्हाई,” म्हणतात, “पण त्या पोरीची तकलीफ बराबर समजून राहिली.”

त्यांची बायको बिहारची. नवं जोडपं म्हणून दोघं आमच्याकडे जेवायला आली, तेव्हा निघताना ती “जाते मी” म्हणाली. माझ्या आईचा चेहरा उतरला. “असं म्हणू न्हाई बाई, येते म्हणावं.” घरातल्या बाकीच्या बायका हसल्या आणि तिचे डोळे भरले. यांनी शांतपणे चपला घातल्या आणि म्हणाले, “काकू, मी बी जातो.”

तेव्हापासून कुठूनही निघताना ते “जातो”च म्हणतात. परवा आमच्या दारात तिनंच त्यांना दटावलं, “असं म्हणू न्हाई, येतो म्हणावं.”