लस लागू पडली होती

आमच्या घरात सगळे ताप यायची वाट बघत होते.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ब्लड कॅन्सर होता. किमोने आजार दबला. तो परत उलटू नये म्हणून बेंगळूरच्या एका हॉस्पिटलात लसीच्या ट्रायलमध्ये त्यांचं नाव लागलं.

आई म्हणाली, लस तर आजाराच्या आधी घेतात ना?

आप्पांनी तिला समजावलं. आपल्याच रक्तातल्या पेशी काढून त्यांना चोर ओळखायला शिकवतात आणि परत अंगात सोडतात.

डॉक्टर म्हणाले, थोडा ताप येऊ शकतो. नाही आला तरी काळजी नको.

आईने पहिलं वाक्य तेवढं धरलं.

तिच्या लेखी लस टोचणं म्हणजे देवी काढणं. ताप आला की देवीने मान घेतला.

मग देवी आल्यावर पाळतात तसं, प्रत्येक डोसनंतर शहापूरच्या आमच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा आणि घरात फोडणी बंद. आप्पा ते बिनफोडणीचं वरण मुकाट जेवायचे, मला डोळा मारून.

ताप काही यायचा नाही. डहाळा वाळून जायचा. बेंगळूरच्या खेपा करून आम्ही सगळेच मेटाकुटीला आलो होतो.

शेवटच्या डोसनंतर बऱ्याच दिवसांनी एका सकाळी आप्पांचं अंग तापलं.

आई गल्लीभर सांगून आली.

मी आप्पांना रक्त तपासायला नेलं. दुपारी रिपोर्ट मोबाईलवर आला.

आजार परत आला होता.

आप्पांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मला माग चालू करायला सांगितलं.

विणकराच्या घरात गुपित बोलायचं तर असंच. पॉवरलूमच्या खडखडाटात शेजारच्या खोलीत काही ऐकू जात नाही.

कानाशी येऊन म्हणाले, "उलटलंय न्हवं?"

मी मान हलवली.

"तुझ्या आईला सांगू नगंस. लई दिसांनी हसलीया ती. तेवढं ऱ्हाऊ दे."

मग माग बंद केला, बाहेर जाऊन आईला म्हणाले, "लागू पडली बघ लस." आणि बिनफोडणीचं वरण दोनदा मागून घेतलं.

त्याच संध्याकाळी ॲडमिट केलं. आईला सांगितलं, इन्फेक्शन झालंय. आप्पा परत आले नाहीत.

आज वर्ष झालं.

अजून लोक मला फॉरवर्ड करतात, कॅन्सरवर लस आली म्हणून. येऊ दे. कुणाला तरी लागू पडू दे. मला आता पूर्ण वाचवत नाही.

आई येईल त्याला सांगते, "लस लागू पडलीती. ह्येंचं अंगच थकलंतं." मी शेजारी बसून व्हय म्हणते. रोज व्हय म्हणायचाही थकवा येतो.

ती फेसबुकवर नाही, म्हणून इथे लिहिलं.

कमेंटमध्ये काय लिहायचं ते लिहा. पण घरी आलात तर तिच्यासमोर एवढंच म्हणा, लस लागू पडली होती.

आप्पा, तुमचा शब्द अजून पाळतेय. नमस्कार.